पुरणपोळी आणि तिचा गोतावळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अस्सल पुरणपोळी नेमकी कुठली?

या प्रश्नावर लग्नाच्या पंगतीत वाद झालेले आहेत आणि पुढेही होतील. पुणेकराला विदर्भातली पोळी जाड वाटते, नागपूरकराला पुण्याची पोळी म्हणजे पुरण लावलेली साधी पोळी वाटते, आणि खानदेशी माणूस दोघांकडे बघून मांड्यांची आठवण काढतो. गुजरातेत ती वेढमी होते, कर्नाटकात होळिगे किंवा ओबट्टू, आंध्रात बोब्बट्लु, तमिळनाडूत नुसती पोळी आणि तिरुवनंतपुरमला बोळी. शिजवून गोड केलेली डाळ आणि तिच्याभोवती पिठाची पारी, एवढं सगळीकडे सारखं. एकाला अस्सल म्हणून बाकीच्यांना नक्कल ठरवण्यासारखं काही हाती लागत नाही.

मग फरक कशात आहे? सगळीकडे डाळ-गूळच तर असतो.

लोक पुरणाकडे बघतात. मी म्हणेन, पारीकडे बघा. आपण घरी पोळ्यांना वापरतो ती कणीक कोंड्यासकट असते, फार ताणली की तुटते. म्हणून ती लाटावी लागते आणि पोळी मध्यम जाडीची होते. मैदा किंवा बारीक रवा सैल भिजवून तेलात मुरवला की तो लाटण्याला दाद देत नाही, पण बोटांनी थापला तर कागदासारखा पसरतो. दक्षिणेतली बहुतेक पोळी अशी थापलेली असते. आणि वस्त्रगाळ पीठ भरपूर मळून, आपटून तार येईपर्यंत तयार केलं तर ते हातावर ताणता येतं, तेव्हा मांडे होतात. लाटणं, थापणं, ताणणं या तीन रीती लक्षात ठेवल्या की कुठल्याही प्रांताची पोळी समोर आली तरी तिची घडण ओळखता येते. डाळ कुठली, गूळ की साखर, वेलची की जायफळ, हे त्यानंतर.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात काय काय फरक पडतो?

देशावर, म्हणजे पुणे-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात, पोळी लाटलेली, मऊ, बऱ्यापैकी पातळ. सोबत कटाची आमटी, दूध किंवा तूप, कुरडई, पापड, भजी. विदर्भात पुरण सढळ हाताने भरतात, पारी नावाला असते, आणि तूप वरून लावत नाहीत, वाटीने ओततात. सणाच्या ताटात तिथे कढी आणि डाळीचे वडेही हक्काने असतात. मराठवाड्यात आमटीला येळवण्याची आमटी म्हणतात, आणि ती देशावरच्या आमटीपेक्षा तिखट असते. कोकणात पोळीबरोबर गूळ-वेलची घातलेलं नारळाचं दूध येतं. गोडाबरोबर गोड कसं खायचं, असं घाटावरच्या माणसाला वाटतं. एकदा खाऊन बघा, शंका उरणार नाही.

खानदेशचं प्रकरण मोठं आहे, म्हणून त्याला वेगळा प्रश्न.

खापरावरचे मांडे म्हणजे काय? ते घरी करता येतील का?

जळगाव, धुळे, नंदुरबार आणि नाशिक जिल्ह्याच्या कसमादे भागात पुरणपोळी म्हटलं की बहुतेकदा खापरावरचीच असते. खापर म्हणजे मातीचं मोठं, घुमटासारखं भांडं. ते चुलीवर पालथं घालतात आणि पोळी त्याच्या बाहेरच्या पाठीवर भाजतात.

कसब सगळं पिठात आहे. गहू ओलवून दळायचे, पीठ कापडातून गाळायचं. त्यात मीठ-पाणी घालून सैलसर भिजवायचं आणि मग मळायचं, आपटायचं, पुन्हा पाण्याचा हात लावून मळायचं. गोळा उचलल्यावर तो तुटण्याऐवजी लांबत खाली आला की पीठ तयार. पुरणाचा गोळा या पिठात भरून आधी हाताच्या पंज्यावर थोडा पसरवतात, आणि मग दोन्ही हातांवर आलटून पालटून झेलत फिरवत राहतात. बाई हात जराही न थांबवता बोलत असते, आणि बघता बघता तळहातावरचा गोळा कोपरापर्यंत पोहोचतो. इतका पातळ की आतलं पुरण पिवळं पिवळं दिसतं. मग एका झटक्यात तो खापरावर टाकायचा. पालथ्या खापराला उतार असतो, त्यामुळे चुकीच्या जागी पडला तर सरळ करता येत नाही. भाजलेला मांडा रुमालासारखा घडी घालून ठेवतात.

घरी करता येईल का? गॅसवर पालथी कढई ठेवून लोक प्रयत्न करतात आणि भाजण्याचा भाग जमतोही. पीठ ताणण्याचा हात मात्र पुस्तकातून येत नाही. शिकायचंच असेल तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी खानदेशातल्या कुणाच्या तरी घरी जाऊन राहा. आखाजीला मांडे आणि आमरस हा बेत ठरलेला.

बेळगावचे मांडे तेच का?

नाव एक, पदार्थ वेगळा. बेळगावकडच्या मांड्यात डाळीचं पुरण नसतं. पिठीसाखर, भाजलेला रवा, खसखस, कुठे खवा असं कोरडं सारण असतं, आणि भाजून घडी घातलेला मांडा वाळून कुरकुरीत होतो. लग्नकार्यात द्यायचा हा मानाचा पदार्थ आणि तो बरेच दिवस टिकतो. मुक्ताबाईंनी ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची जी कथा आहे, तिच्यातले मांडे यातले कुठले, हा वाद मी अंगावर घेणार नाही. कथेत कुंभाराने खापर नाकारलेलं आहे, तेवढा मुद्दा खानदेशींच्या बाजूचा.

होळिगे आणि पुरणपोळीत फरक काय?

होळिगेची पारी मैद्याची किंवा चिरोटी रव्याची, म्हणजे अगदी बारीक रव्याची, त्यात हळद, आणि तेल इतकं की गोळे अक्षरशः तेलात ठेवलेले असतात. केळीच्या पानावर किंवा जाड प्लॅस्टिकवर बोटांनी थापून पानासकट तव्यावर उलटी घालायची आणि पान अलगद सोडवायचं. म्हणून होळिगेला पिठी लागलेली नसते, वरचा पदर गुळगुळीत दिसतो.

पुरणात खरी विविधता कर्नाटकात आहे. उत्तर कर्नाटकात हरभऱ्याची डाळ चालते, म्हैसूरकडे तुरीची डाळ जास्त. काई होळिगे नारळ-गुळाची. शेंगा होळिगे दाण्याच्या कुटाची, एळ्ळु होळिगे तिळाची. शेवटच्या दोन्ही आपल्या गुळपोळीच्या सख्ख्या बहिणी. युगादीला, म्हणजे तिकडच्या पाडव्याला, ओबट्टू नसेल तर तिकडे सण झाल्यासारखं वाटत नाही.

आंध्र, तेलंगणात काय म्हणतात?

आंध्रात बोब्बट्लु, तेलंगणात पोलेलु किंवा भक्ष्यालु, रायलसीमेत ओळिगलु. करण्याची रीत होळिगेसारखीच, थापून. तिथेही मान उगादीचा. वाढताना वर तूप.

तमिळनाडू आणि केरळात खरंच पुरणपोळी करतात?

करतात. तमिळ घरांत परुप्पु पोळी म्हणजे डाळीची आणि तेंगाई पोळी म्हणजे नारळाची, आणि भोगीला ती हमखास होते. ‘पोळी’ हा शब्द तिकडे फक्त याच गोड पदार्थासाठी. चेन्नईच्या हॉटेलात जेवणाबरोबर पोळी मागाल तर गोड काहीतरी ताटात येईल.

तिरुवनंतपुरमची बोळी ही या सगळ्यांत धाकटी आणि नाजूक. पिवळीधमक, पातळ, मऊ. तिथल्या सद्येत, म्हणजे केळीच्या पानावरच्या जेवणात, बोळी पानावर कुस्करून तिच्यावर पालपायसम, म्हणजे तांदळाची दाट खीर, ओततात. कोकणातल्या नारळाच्या दुधाची जागा इथे खीर घेते.

गुजराती वेढमी?

तुरीच्या डाळीची, गव्हाच्या पिठाची, आकाराने लहान आणि जाडसर. घरगुती बोलीत तिला गळी रोटली, म्हणजे गोड पोळी, असंही म्हणतात. डाळीच्या वरच्या पाण्याचं ओसामण करतात, म्हणजे आपल्या कटाच्या आमटीचं गुजराती भावंड. तुरीच्या पुरणाचा पोत हरभऱ्याच्या पुरणापेक्षा मऊ असतो आणि ते चटकन सैल पडतं, म्हणून ते जास्त आटवावं लागतं.

हा पदार्थ किती जुना आहे?

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातल्या अन्नभोगाच्या भागात मंडक आणि पोलिका यांचा उल्लेख आहे. मंडक म्हणजे मांडे, हे सांगायला नकोच. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, मराठी, कन्नड आणि तेलुगू जिथे एकमेकींच्या अंगणात आहेत असा मुलूख. पोळी कुणाची यावर भांडणाऱ्यांनी नकाशावर ते गाव एकदा शोधावं.

डाळ आणि गूळ यांचं प्रमाण काय?

जितकी डाळ तितका गूळ. दोन्ही कच्चे, वजनाने मोजलेले. अर्धा किलो डाळीला अर्धा किलो गूळ. कमी गोड हवं असेल तर चौथाई गूळ कमी करा, त्याहून कमी केलात तर पुरण मोकळं मोकळं राहतं, कारण गोळा धरून ठेवायचं कामही गूळच करतो. चिमूटभर मीठ विसरू नका, पारीतही आणि पुरणातही.

गूळ की साखर? की दोन्ही?

चवीला गूळ. साखरेचं पुरण फिकं, देखणं आणि सपक. अर्धा गूळ अर्धी साखर ही तडजोड बऱ्याच घरांत चालते. मला ती पटत नाही, पण मैद्याच्या पातळ पारीतून गुळाचा काळपटपणा दिसतो म्हणून करतात हे समजू शकतं. गूळ साधा पिवळा, मऊ घ्यावा. चिक्कीचा गूळ घेऊ नका, पुरण गार झाल्यावर चिवट होतं.

आणि गूळ डाळ पूर्ण शिजल्यावरच घाला. आधी पडला तर डाळ पुढे मऊ होत नाही, मग कितीही वेळ आचेवर ठेवा. डाळ शिजली का हे बघायला एक दाणा बोटांत दाबा. मधे कणी लागता कामा नये.

पुरण सैल झालं. आता?

परत आचेवर ठेवा. बहुतेक वेळा डाळीतला कट पुरता निथळलेला नसतो, आणि गूळ वितळला की त्याचंही पाणी सुटतं. जाड बुडाच्या भांड्यात मध्यम आचेवर सतत ढवळत आटवा. पुरण झालं की नाही याची जुनी खूण अशी की उलथनं मधोमध उभं केलं तर ते उभं राहतं. गार झाल्यावर पुरण आणखी घट्ट होतं हे लक्षात ठेवा, नाहीतर घाबरून जास्त आटवाल आणि दुसऱ्या टोकाला जाल. तसं झालं तर दुधाचा हबका मारून मळून घ्या. सैल पुरणात बेसन किंवा पिठी मिसळण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कच्चट चव येते.

माझी पोळी दरवेळी फुटते. काय चुकतं?

तीन जागा तपासा. पहिली, पुरणात कणी राहिली आहे का? एकच अख्खा डाळीचा दाणा पारी फाडायला पुरतो. दुसरी, पारी आणि पुरण यांचा मऊपणा सारखा आहे का? गोळा हातात घेऊन एकदा पुरण दाबा, एकदा कणीक दाबा, बोटाला दोन्ही सारखं लागायला हवं. पुरण सैल आणि कणीक घट्ट असेल तर पुरण बाहेर येतं. उलट असेल तर पुरण मधे अडकून कडा कोऱ्या राहतात. तिसरी, कणीक मुरू दिली होती का? भिजवल्या भिजवल्या लाटायला घेतली तर ती आखडते, आणि मग आपण जोर लावतो. सैल भिजवून, तेल लावून, निदान एक-दोन तास झाकून ठेवा. तेवढ्या वेळात ताण उतरतो.

लाटताना उंडा आधी तळहाताने थापून पसरवा, मग लाटणं धरा. तांदळाची पिठी वापरा, कणीक भुरभुरली तर तव्यावर ती जळते आणि पोळीला करपट वास लागतो. लाटण्याचा जोर कडेला, मधे नाही. मोठी पोळी हाताने उचलू नका. लाटण्यावर अर्धी गुंडाळून घ्या आणि तव्यावर उलगडा. खालची बाजू सुटली, वर बारीक फुगवटे दिसले की उलटा. फार वेळा उलटापालट केली की कडक होते. तूप दुसरी बाजू भाजल्यावर सोडा, आधी सोडलंत तर पोळी भाजण्याऐवजी तळल्यासारखी लागते.

पिठावरची आणि तेलावरची यात सोपी कुठली?

नवख्याला पिठावरची. तेलावरची म्हणजे तेलपोळी दिसायला देखणी, पारी जवळजवळ दिसत नाही इतकी पातळ. पण तिला मैदा किंवा सपीठ लागतं, ते तेलात मुरवावं लागतं, आणि पत्र्यावरून किंवा पानावरून तव्यावर पलटी घालण्याचा हात बसायला वेळ लागतो. दोन भाग कणीक, एक भाग मैदा आणि पिठीवर लाटणं, इथून सुरुवात करा.

पुरणयंत्र नाही. मिक्सर चालेल?

चालेल, पण पुरण चिकट होतं. स्टीलची बारीक चाळणी आणि वाटीचा तळ हा चांगला पर्याय. काहीही वापरा, पुरण गरम असतानाच वाटा. गार झालेलं पुरण यंत्रातून काढणं ही शिक्षा आहे.

कटाची आमटी जमत नाही. पाणचट होते.

ती पातळच असायला हवी. पाणचट लागते ती कट पातळ म्हणून नाही, वाटण कमी पडलं म्हणून. डाळ शिजवताना एरवीपेक्षा वाटी-दोन वाट्या पाणी जास्त घाला आणि ते निथळून घ्या. हे निथळलेलं पाणी म्हणजे कट किंवा येळवणी. सुकं खोबरं आणि जिरं खरपूस भाजून वाटा. हिंग-मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, मग वाटण, गोडा मसाला, तिखट, चिंचेचा कोळ, थोडा गूळ. वर कट ओतून खळखळून उकळी काढा. एक डाव पुरण त्यात कालवायचं. घराघरांत या एका डावावरून आमटीची चव बदलते. नैवेद्याच्या आमटीत कांदा-लसूण नाही, एरवी कांदा-लसूण मसाल्याचीही छान होते.

दुसऱ्या दिवशीची आमटी पहिल्या दिवशीपेक्षा चांगली, याबद्दल मात्र कुठल्याच प्रांतात मतभेद आढळत नाहीत. कर्नाटकात याच पाण्याचं ओबट्टू सारू होतं. डाळीचं सत्त्व उतरलेलं पाणी कुणीच फेकून दिलेलं नाही.

दुधाशी खायची, तुपाशी, की आमटीशी?

पहिली पोळी तुपाशी, दुसरी दुधाशी, आमटी भाताशी. हे माझं. भांडायला मोकळे आहात.

कोणकोणत्या सणांना करतात?

होळी तर आहेच, नैवेद्याची पोळी होळीत पडल्याशिवाय तिकडे बोंब ठोकायला मजा येत नाही. पाडवा, श्रावणातले शुक्रवार, ज्येष्ठा गौरींचा नैवेद्य आणि पोळा. पोळ्याला पहिली पोळी बैलाच्या तोंडी जाते, मग घरधन्याच्या.

गुळपोळी आणि पुरणपोळी एकच ना?

नाही. गुळपोळीत डाळ नसते. गूळ, तीळ, खसखस आणि भाजलेलं बेसन यांचं कोरडं सारण असतं, ती संक्रांतीला करतात आणि आठवडाभर सहज टिकते. पुरणात शिजलेल्या डाळीचा ओलावा असतो.

मग पुरणपोळी किती टिकते? प्रवासाला नेता येईल?

साध्या हवेत दीड-दोन दिवस, उन्हाळ्यात एकच दिवस धरा. भाजल्या भाजल्या एकावर एक रचू नका, वाफेने ओलसर होतात आणि तिथूनच बिघडायला लागतात. सुती कापडावर पूर्ण गार करा, मग डब्यात. प्रवासाला न्यायच्या असतील तर पुरण जरा जास्त आटवा, नारळ-दूध काही घालू नका. नुसतं पुरण फ्रीजमध्ये चार-पाच दिवस चांगलं राहतं, फ्रीझरमध्ये त्याहून कितीतरी जास्त. सणाच्या आदल्या दिवशी पुरण करून ठेवणं हे शहाणपण आहे, आळस नाही.

मधुमेह असेल तर गुळाची चालेल का?

गूळ साखरेइतकाच रक्तातली साखर वाढवतो. गुळाची म्हणून बिनधास्त खा, असं सांगणाऱ्यांवर विसंबू नका. किती चालेल हे डॉक्टरांना विचारा.

जायफळ कशासाठी? नुसती वेलची पुरत नाही का?

वासाला पुरते. पण डाळ जड पडते म्हणून जायफळ आणि सुंठ घालण्याची रीत आहे. जायफळ बेताने, जास्त झालं तर कडवट लागतं आणि दुपारी सगळं घर झोपतं. अर्थात पुरणपोळीच्या जेवणानंतर ते तसंही झोपतंच.

पुरण उरलं आहे. पोळ्या लाटायचा कंटाळा आला आहे.

कडबू करा. कणकेची छोटी पुरी लाटून पुरण भरायचं, करंजीसारखी मिटायची, आणि तळायची किंवा वाफवायची. सोलापूर आणि उत्तर कर्नाटकात हा रोजच्या ओळखीचा पदार्थ आहे. किंवा दिंड करा. नागपंचमीला तवा ठेवायचा नाही, चिरायचं नाही, तळायचं नाही अशी पाळणूक असलेल्या घरांत पुरणाचे दिंडच होतात : पारीच्या मधोमध पुरण ठेवून चारी बाजूंनी पाकिटासारखी घडी घालायची आणि मोदकपात्रात पंधरा मिनिटं वाफवायचं. वर तूप हवंच. लाटायला नीट गोल यायची गरज नाही, फुटलं तरी तव्याला चिकटत नाही.

आणि हेही करायचं नसेल तर वाटीत पुरण घ्या, वर गरम दूध आणि चमचाभर तूप. पोरं पोळीपेक्षा हेच आधी संपवतात.